क्लच पेडल बिघडलं? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पेडलचं ऐका (जुनी जिप्सी, जुनी जीप ठेवणाऱ्यांसाठी)

मुंबईत जुनी फोर बाय फोर ठेवायची म्हणजे क्लचचं दुखणं कधी ना कधी येणारच, कारण आठवडाभर गाडी घोडबंदर रोडला नाहीतर सायन-पनवेलला हाफ क्लचवर रांगत असते आणि रविवारी तीच गाडी कर्जत-लोणावळ्याच्या चिखलात घातली जाते. मग एक दिवस पेडल पायाला वेगळं लागतं आणि गॅरेजमध्ये पहिलंच वाक्य ऐकू येतं, "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल." कधी ते बरोबरही असतं. पण क्लचच्या कितीतरी तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असतं, जिथे हात पोचतो, स्पॅनर पोचतो आणि पार्टही स्वस्त असतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी अर्धा तास पेडलला द्या, बाहेरून आत असं बघत जा आणि गिअरबॉक्सचा नंबर सगळ्यात शेवटी लावा.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरतं, त्याला प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि दोघांच्या मधे क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ही क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते, म्हणजे ती दाबलेली आहे तोवर इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जातो. तुम्ही पेडल दाबलं की फोर्क (क्लचजवळचा छोटा लिव्हर) हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या मधल्या बाजूच्या पट्ट्या) दाबतं आणि प्लेटवरची पकड सुटते. बस, एवढंच.

आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट, जी समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. तुमचं पेडल साधारण पंधरा सेंटीमीटर खाली जातं, पण तिकडे रिलीज बेअरिंग जेमतेम एखादा सेंटीमीटर सरकतं आणि प्लेटच्या दोन्ही बाजूला मिळणारी मोकळी जागा तर मिलिमीटरच्या आसपासच असते. प्रेशर प्लेटची जड स्प्रिंग माणसाच्या पायाने दाबता यावी म्हणून हा सगळा लिव्हरेजचा खेळ असतो. याचा अर्थ असा की फोर्कपाशी एक मिलिमीटर हरवला तर पायाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक जाणवतो. तीस वर्षं जुन्या गाडीत पेडलचं बुश थोडं घासलेलं, पिनचं भोक थोडं लांबट झालेलं, केबल थोडी ताणलेली, पेडल ज्या पत्र्याला लागलंय तो पत्रा थोडा हलणारा, प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर "चलता है" वाटते पण चौघींची बेरीज केली की क्लच पूर्ण सुटतच नाही. आणि मग प्लेट नवी टाकूनही गिअर खरखरतच राहतो, मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला, आणि बुश तसंच घासलेलं राहतं.

तर पहिलं काम, आपल्या गाडीत पेडलपासून फोर्कपर्यंत निरोप कोण पोचवतं ते बघा. जिप्सीत केबल असते, सायकलच्या ब्रेकला असते तशीच, फक्त जाड. जुन्या विलीस धाटणीच्या जीपमध्ये रॉड, लिव्हर, केबल असा मेकॅनिकल जोडकाम असतो. आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे पेडलजवळ मास्टर सिलिंडर, बेल हाउसिंगजवळ (क्लच ज्या घंटेसारख्या कव्हरमध्ये असतो त्याच्याजवळ) स्लेव्ह सिलिंडर आणि मधे पाइपातून ब्रेक ऑइल. आणि जुनी गाडी आहे, आधीच्या कुठल्यातरी मालकाने काय बदललंय त्याचा भरवसा नाही, म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, पेडलपासून सुरू करून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मग इंजिन बंद ठेवून, पायाने नाही तर हाताने पेडल दाबायचं. पायाला जोर कळतो, पण बारीक फरक हातालाच कळतात. सुरुवातीला थोडं पेडल अगदी हलकं जाईल, मग एका जागी वजन लागेल. त्या हलक्या भागाला फ्री प्ले म्हणतात. केबलवाल्या गाड्यांत तो साधारण दोनेक सेंटीमीटर असतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. फ्री प्ले अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग कायम बोटांवर टेकलेलं आहे, म्हणजे पाय वर असतानाही क्लच किंचित दाबलेलाच आहे, आणि अशी गाडी चढावर स्लिप मारते, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही. इथे बरेच जण फसतात, कारण प्लेट घासत जाते तसा केबलवाल्या गाडीत फ्री प्ले कमी कमी होत जातो, वाढत नाही. त्यामुळे स्लिप होतोय म्हणून प्लेट मागवायच्या आधी केबलचा नट जरा सैल करून बघा. उलट फ्री प्ले खूप जास्त असेल तर पेडलचा निम्मा प्रवास वाया जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रर आवाज येतो.

रिव्हर्सवरून आठवलं, ही फुकटची टेस्ट आहे. अशा बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर न खरखरता बसवणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. गाडी सपाट जागी उभी, इंजिन गरम, आयडलिंगला, पेडल पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा म्हणजे आतला शाफ्ट फिरायचा थांबेल, आणि मग रिव्हर्स टाका. गपकन बसला तर क्लच नीट सुटतोय. खरखरला तर सुटत नाहीये. आता लगेच पेडल दोन-तीनदा भराभर मारून पुन्हा करा, यावेळी बसला तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे, एअर आहे नाहीतर सिलिंडर गेलाय. मारूनही काहीच फरक पडला नाही तर लिंकेज (पेडल ते फोर्क जोडणारे दांडे-लिव्हर), अ‍ॅडजस्टमेंट नाहीतर आतला प्रॉब्लेम. केबलवाल्या गाडीत पेडल मारून फरक पडायचा प्रश्नच नाही.

हायड्रॉलिकवाल्यांनी पेडलचं वागणं जरा बारकाईने बघावं. पेडल स्पंजसारखं लागतंय आणि मारलं की सुधारतं, तर लाइनमध्ये हवा आहे. पण ती आली कुठून हे न बघता नुसती एअर काढून घरी गेलात तर काही दिवसांनी परत तेच होणार, कारण ऑइल जिथून बाहेर गेलं तिथूनच हवा आत आली. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. सिग्नलला फर्स्ट टाकून पेडल धरून उभे आहात, आणि पाय तसाच असताना गाडी हळूच पुढे सरकायला लागते. बाहेर कुठेही ऑइलचा थेंब नाही, लेव्हलही कमी झालेली नाही. हे मास्टरच्या आतल्या सीलचं काम, ऑइल आतल्या आत सीलला बायपास करून मागे येतंय. वॉशर किट (नव्या सीलचा संच) मिळत असेल तर टाका, पण सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा, आतून खड्डे पडले असतील तर नवं किटही टिकणार नाही, अख्खा सिलिंडरच बदला.

मास्टरची दुसरी गळती केबिनच्या आत होते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण सॉफ्ट टॉपवाल्या गाडीत जून ते सप्टेंबर पायाखाली तसंही ओलंच असतं. म्हणून मॅट उचला, टॉर्च घ्या आणि पेडलचा वरचा भाग बघा, जिथे पुशरॉड (मास्टरला ढकलणारा पेडलचा दांडा) पत्र्यातून बाहेर जातो. पावसाचं पाणी असेल तर ते वाळतं. ब्रेक ऑइल वाळत नाही, बोटांना बुळबुळीत लागतं आणि मुख्य म्हणजे रंग खातं, पेडलच्या दांड्यावरचा काळा रंग फुगून त्याचे पापुद्रे निघालेले दिसले की समजा मास्टर मागच्या बाजूने गळतोय. तसंच खाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट स्क्रूड्रायव्हरने हलकेच मागे ओढा, आतून ऑइल टपकलं तर त्याचंही सील गेलंय.

ऑइल कुठलं टाकायचं तर झाकणावर लिहिलेलं असेल ते, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याची काय कमी. नवीन डॉट ३ चा उकळायचा किमान बिंदू २०५ अंश सेल्सियस असतो, ओलावा शिरल्यावर तोच १४० पर्यंत उतरतो, डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. त्याहून मोठं नुकसान म्हणजे आतलं पाणी सिलिंडरला गंज आणतं आणि त्या गंजावर घासून सील फाटतं. म्हणून ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर ते बदला, नुसती वरून भर घालत बसू नका. आणि कोणी कितीही सांगो, यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल एक थेंबही टाकायचं नाही, सगळे रबर फुगतात आणि मग ब्रेक आणि क्लचचा ऑइलचा डबा एकच असेल तर ब्रेकसुद्धा जातात.

एक दोष आहे जो फार कमी लोक ओळखतात आणि त्यापायी चांगल्या प्लेटी फेकल्या जातात. सकाळी गाडी मस्त, पण तासभर ट्रॅफिकमध्ये चालली की क्लच स्लिप व्हायला लागतो, पेडल वरच्या वर टणक होतं, आणि गार झाली की परत सगळं ठीक. असं होत असेल तर स्लिप होत असतानाच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि स्लेव्हचा एअर काढायचा निप्पल जरासा उघडा. दाबाने ऑइलची पिचकारी उडाली आणि त्यानंतर क्लच नीट पकडायला लागला, तर प्लेट निर्दोष आहे. लाइनमध्ये प्रेशर अडकून राहत होतं. कारण दोनच, एकतर पुशरॉड इतका घट्ट अ‍ॅडजस्ट केलाय की मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल डब्यात परतायचं बारीक भोक बंद राहतं, किंवा रबरी होज आतून सुजलाय, ऑइल जायला देतो पण परत येऊ देत नाही. बाहेरून होज नवा वाटतो, म्हणून कोणी संशय घेत नाही.

आता जड पेडल. इथे एकच साधी युक्ती आहे, केबल फोर्कच्या बाजूने सोडवा आणि पेडल हाताने दाबा. अजूनही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशमध्ये. हलकं झालं तर दोष बेल हाउसिंगच्या आत, म्हणजे फोर्कचा पिव्हट सुका पडलाय, बेअरिंग ज्या स्लीव्हवर सरकतं ती खराब झालीय किंवा प्लेट घासून प्रेशर प्लेटची बोटं चुकीच्या कोनात गेलीत. प्लेट संपत आली की पेडल हळूहळू जड होत जातं, ते इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही, दुसऱ्या कोणाला चालवायला दिली की तो पहिल्या सिग्नललाच सांगतो.

केबलवरून एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या जिप्सीची क्लच केबल वारंवार जड व्हायची, नवी टाकली की काही दिवस लोण्यासारखी आणि मग पुन्हा तेच. एका गॅरेजने प्रेशर प्लेट बदलायचा खर्च सांगितला. जुनी केबल उभी कापून बघितली तर आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. क्लचच्या केबलला एवढी उष्णता कुठून? तर इंजिन आणि चेसिसच्या मधली अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी हिरवी-पांढरी होऊन कुजली होती, वर्सोव्याला समुद्राजवळ उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार. स्टार्टरला प्रचंड करंट लागतो, त्याला अर्थमधून परतीचा रस्ता मिळेना म्हणून तो क्लच केबलच्या तारेतून जात होता आणि प्रत्येक सेल्फला केबल भाजून निघत होती. अर्थची पट्टी बदलली, बोल्टखालचा पत्रा घासून चकचकीत केला, केबल पुन्हा गेली नाही. तेव्हा केबल लवकर लवकर जात असेल तर आधी अर्थ बघा, मग केबलचं वळण बघा, एक्झॉस्टला टेकत नाहीये ना ते बघा.

आणि पत्रा. एकाला आत बसवून पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून, जिथे केबल किंवा मास्टर पत्र्याला लागतो तिथे बोटं ठेवा. पत्रा पुढे फुगतो का? बोल्टच्या भोवती केसासारखी तडा गेलेली रेघ आहे का, गंजाची लाल ओघळ आहे का? आपल्या खाऱ्या हवेत जुन्या गाडीचा हा पत्रा आतून सडतो, वरून रंग मारला की दिसत नाही. पेडलचा जोर मग क्लच सोडवण्यात न जाता पत्रा वाकवण्यात जातो. पॅच मारून नीट वेल्डिंग करून घ्या, प्लेट बदलून यात काडीचाही फरक पडणार नाही. रॉडवाल्या जीपमध्ये इंजिन माउंटिंगही बघा, रबर बसलं असेल तर क्लच सोडताना इंजिन पिळतं, त्याबरोबर लिंकेज ओढलं जातं आणि गाडी धडधडत उचलते.

आवाजाचं सोपं आहे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. पाय वर असताना न्यूट्रलला आवाज आणि दाबला की बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, ते वेगळं काम आहे.

पावसाळा आणि पाण्यातून गाडी काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. बेल हाउसिंगमध्ये पाणी गेलं की क्लच थोडा वेळ स्लिप होतो आणि मग वाळून ठीक होतो, त्याने घाबरू नका, पण चिखल आत गेला तर तो वाळून फोर्कच्या पिव्हटवर आणि बेअरिंगच्या स्लीव्हवर बसतो. आणि पाण्यातून आणून गाडी तशीच सोसायटीत महिनाभर उभी ठेवली तर प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. पेडल अगदी नॉर्मल लागतं, फ्री प्ले बरोबर, तरी एकही गिअर पडत नाही. अशी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिअरमध्ये सेल्फ मारून सोडवायचा प्रयत्न अजिबात करू नका, ती पेडल दाबलेलं असूनही उडी मारते आणि समोर कोण असेल सांगता येत नाही. मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन करायचं काम आहे. त्यापेक्षा गाडी पाण्यातून आली की दुसऱ्या दिवशी थोडी चालवा, गरम होऊ द्या.

बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल टपकतंय का तेही बघा. पातळ काळं असेल तर इंजिनचं मागचं सील, जाड आणि उग्र गंधकाच्या वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. ते तेल प्लेटवर गेलं की गाडी थरथरत उचलते, कधी स्लिपही होते, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच तेलकट होणार.

हे सगळं बघून झालं, फ्री प्ले बरोबर, लिंकेज घट्ट, हवा नाही, प्रेशर अडकत नाही, आणि तरीही चौथ्या गिअरला चढावर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण स्पीड चढत नाही, वर जळका वास येतो, तर मग होय, प्लेट गेलीय, गिअरबॉक्स उतरवा. पण एकदा उतरवलाय तर मजुरी वाचवायची म्हणून रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग किंवा बुश आणि सील जुनी ठेवू नका, पार्टपेक्षा उतरवायची मजुरी जास्त असते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे असतील तर ते फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवा. आतली काळी धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि पोऱ्या तोंडाला काही न बांधता खाली झोपला असेल तर त्याला मास्क आणून द्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर प्लेट आणायला जाताना जुनी प्लेट पिशवीत घालून न्या, बाहेरचा व्यास आणि मधल्या भोकातले दाते (स्प्लाइन) दोन्ही दुकानातच जुळवून बघा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे इंजिन-गिअरबॉक्स आलेत. नवी प्लेट बसली की पहिले काहीशे किलोमीटर हाफ क्लच टाळा, चिखलात जायचंच असेल तर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) जा म्हणजे क्लचवर भार कमी येतो, आणि प्लेट घासून नीट बसल्यावर फ्री प्ले परत एकदा मोजून नट फिरवून घ्या.